मोडलेला नेम पुन्हा धरताना

घरात दुधाचा रतीब असला की भिंतीवरच्या कॅलेंडरात एक शब्द हटकून सापडतो. तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात लिहिलेला : 'खाडा'. त्या दिवशी दूध आले नाही, सबब पैसे द्यायचे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. महिनाअखेर हिशेब मिटला की तो शब्दही विसरला जातो; कारण खाड्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दूधवाला पुन्हा दारात उभा असतो.

व्यायामाच्या खाड्याची जात निराळी. तो एकटा कधी येत नाही, गोतावळा घेऊन येतो. आज पाऊस म्हणून फिरणे राहिले, उद्या पाहुणे म्हणून सूर्यनमस्कार राहिले, परवा मुलाची परीक्षा, तेरवा आपलीच कंबर धरली. बघता बघता आठवड्यांचे महिने होतात, आणि एके दिवशी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मधल्या पायरीवर कठड्याला हात टेकावा लागतो. तिथे माणसाला कळते की आपला खाडा आता दिवसांत मोजण्यासारखा राहिलेला नाही.

मग येते दिवाळी. अभ्यंगस्नानाला पाटावर बसल्यावर तेलाचा हात पोटाच्या घेराला वळसा घालायला जरा जास्तच वेळ घेतो, आणि तिथल्या तिथे निश्चय ठरतो : पाडव्यापासून पुन्हा सुरू! पाडव्याला सुरू होतेही. भाऊबीज ओलांडून चार दिवस ते चालते, आणि मग पहिले पाढे पंचावन्न. अशा माणसांसाठी आपल्या भाषेने एक खवचट शब्द राखून ठेवला आहे : आरंभशूर.

मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. जो मुळात कधीच व्यायाम करीत नव्हता त्याचा आरंभ सोपा असतो. त्याला पाच जोर आले तरी मोठे कौतुक! पण ज्याने एके काळी पन्नास जोर मारले आहेत त्याला पाचावर थांबताना स्वतःचीच लाज वाटते. त्याच्या मानगुटीवर जुना आकडा बसलेला असतो. पहिल्याच दिवशी तो त्या आकड्याशी झुंजायला जातो, दुसऱ्या दिवशी अंग धरते, चौथ्या दिवशी बूट पुन्हा माळ्यावर जातात. लोक म्हणतात, आळशी आहे. माझे म्हणणे असे की, मोडलेला नेम दुसऱ्यांदा मोडतो तो आळसाने नव्हे, या जुन्या आकड्याने. परत येणाऱ्याने जुनी वेळ तेवढी बरोबर आणावी आणि जुना आकडा घरी ठेवावा. सांगायला हे सोपे वाटते, पण कोल्हापूरसारख्या पैलवानांच्या गावात राहिल्यावरच त्याचे मर्म मला कळले.

सुंभ आणि पीळ

प्रथम मनातली भीती काढून टाकू. "इतकी वर्षे केले ते सगळे वाया गेले हो!" असे हळहळणारे गृहस्थ प्रत्येक चाळीत एक तरी असतात. खरेच सगळे वाया जाते काय?

या बाबतीत अमेरिकेतल्या डॅलस शहरी झालेला एक प्रयोग मोठा उद्बोधक आहे. १९६६ साली तिथल्या डॉक्टरांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. दुखणे नाही, खुपणे नाही. नुसती सक्तीची विश्रांती. तीन आठवड्यांनी मोजले तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे ज्याला आपण दम म्हणतो तो, चौथ्या हिश्शाहून अधिक घटली होती. गोष्ट इथेच संपत नाही. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर पुन्हा तपासले गेले. वजने वाढली होती, पोटे सुटली होती. पण तीस वर्षांच्या वयाने त्यांचा जेवढा दम खाल्ला होता, त्याहून अधिक तो तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने खाल्ला होता!

आता पुढचे ऐका. त्या पन्नाशीतल्या पाचांना डॉक्टरांनी चालणे, हळूहळू धावणे आणि सायकल असा व्यायाम दिला. सुरुवात अगदी थोडक्यात, आणि मग बेताबेताने वाढवत सहा महिन्यांनी आठवड्याला सुमारे साडेचार तास. सहा महिने संपले तेव्हा वयाने गमावलेला दम जवळजवळ सगळा परत आला होता. पाच माणसे म्हणजे काही सारे जग नव्हे. तरीपण आपण ज्याचा दोष वयावर टाकतो त्यातला मोठा वाटा बसून राहण्याचा असतो, एवढे त्यातून खास दिसते.

स्नायूंची कथाही अशीच आहे. दम दोन-तीन आठवड्यांतच उतरू लागतो. ताकद मात्र त्याहून चिवट असते, ती महिनाभर तरी फारशी हलत नाही. नॉर्वेतल्या ऑस्लोच्या संशोधकांनी २०१० साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, कष्टाने स्नायू वाढतो तेव्हा त्याच्या तंतूंत नवी केंद्रके तयार होतात, आणि पुढे स्नायू वाळला तरी ती टिकून राहतात. पुन्हा कष्ट सुरू झाले की तीच हाताशी येतात. माणसाच्या बाबतीत हे कितपत लागू पडते याचा वाद अजून मिटलेला नाही. पण एकदा कमावलेले अंग दुसऱ्यांदा लवकर कमावता येते हा अनुभव तालमीत नवा नाही. आपल्याकडे म्हणतातच, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ही म्हण आपण हेकट माणसाला उद्देशून वापरतो. पीळदार शरीराच्या बाबतीत ती शब्दशः खरी ठरावी, ही मोठी गंमत आहे.

तालमीतला पहिला धडा

कोल्हापूरला कुस्तीचे वेड लावले ते राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोममधले जुने रंगमंडल त्यांनी पाहिले, आणि त्यातून खासबागेच्या कुस्ती-मैदानाची कल्पना साकार झाली. १९१२ पासून ते मैदान या गावचे भूषण आहे. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींतून पैलवानांच्या पिढ्या घडल्या. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे दोघेही याच गावच्या मातीतले. इथे तालीम म्हणजे नुसती व्यायामाची जागा नव्हे, ती पेठेची ओळख असते. फुटबॉलचे संघसुद्धा तालमीच्या नावाने मैदानात उतरतात!

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दांच्या पोटात डोकावण्याची मला खोड आहे. 'तालीम' हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिकवण. म्हणूनच नाटकाचीही आपण तालीम करतो. 'कसरत' हाही अरबीच. त्याचे मूळ विपुलता, पुनःपुन्हा होणे या अर्थाशी जाऊन भिडते. म्हणजे कसरत ही एका दिवसाच्या पराक्रमात नसते, पुन्हा पुन्हा करण्यात असते. आणि तालीम ही गाजवायची नसते, शिकायची असते. आपण हे शब्द घेतले, वापरून गुळगुळीत केले आणि त्यांचा उपदेश तेवढा विसरून गेलो.

माझ्या वर्गात दरवर्षी तालमीतली दोन-चार मुले असतात. लढतीत चुरगळून जाड झालेल्या कानांवरून ती ओळखू येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ही मुले वळकटी बांधून आपापल्या गावी गेली. तालमींना कुलपे लागली, यात्रा-जत्रांमधली कुस्तीची मैदाने ओस पडली. राज्यातल्या व्यायामशाळा उघडायला परवानगी मिळाली ती २५ ऑक्टोबर २०२० रोजी, ऐन दसऱ्याच्या दिवशी. आणि २०२१ च्या एप्रिलात पुन्हा सारे बंद झाले. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या लढतींनंतर पुढची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. दोन वर्षांहून मोठा खाडा! त्यानंतरची पहिली गदा कोल्हापूर जिल्ह्याच्याच पृथ्वीराज पाटीलने खांद्यावर घेतली.

गावाहून परतलेल्या मुलांना मी विचारले, वस्तादांनी पहिल्या दिवशी काय करायला सांगितले? माझी समजूत अशी की जोर-बैठकांचा दुप्पट रतीब मागचे भरून काढण्यासाठी लावला असेल. मुले हसली. पहिले काम निघाले मातीचे. बंद तालमीतल्या हौद्याची माती दगडासारखी झाली होती. ती खोऱ्याने उकरायची, ढेकळे फोडायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून पुन्हा मऊ करायची. हे काम उरकेपर्यंत अंग आपोआप घामाने निथळे. मग मोजके जोर, मोजक्या बैठका आणि दोरावर थोडे चढणे. लढत नाहीच. ती कितीतरी दिवसांनी, आणि तीही आधी आपल्याहून हलक्या गड्याशी.

मला त्या वस्तादांच्या शहाणपणाचे कौतुक वाटले. परतलेल्या पोराला ते आकडा विचारीत नाहीत. त्याला हजेरी विचारतात. पहाटे ठरल्या वेळी हौद्यावर आलास ना? मग आज नुसती माती उकर. उरलेले माती बघून घेईल. 'अति तेथे माती' असे आपण म्हणतो. तालमीत मात्र आधी माती, आणि अति कधीच नाही.

आयुर्वेदाचाही कौल हाच आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. तेही बलवान माणसाने, थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. गडी जोमात असताना ज्याला निम्म्यावर थांबायला सांगितले, त्याने सहा महिन्यांच्या खाड्यानंतर किती करावे हे वेगळे सांगायला नको. दिवाळी सरता सरता थंडीची चाहूल लागते, म्हणजे हा ऋतू व्यायामाला अनुकूल खराच. पण निम्मे म्हणजे आजच्या शक्तीच्या निम्मे, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या शक्तीच्या नव्हे!

पुनश्च हरिः ॐ

टाळेबंदी उठू लागली तेव्हा आपल्या सरकारने 'पुनश्च हरिॐ' असे शब्द वापरले. या शब्दांना मराठी मनात मोठे स्थान आहे ते लोकमान्यांमुळे. राजद्रोहाच्या शिक्षेतून टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले, आणि 'पुनश्च हरिः ॐ' हा त्यांचा अग्रलेख केसरीत आला तो जुलै १८९९ मध्ये. कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यास बाजूला ठेवून ज्याने शरीर कमावले होते, त्या माणसाची प्रकृती तुरुंगाने पार खालावली होती. सुटका आणि तो अग्रलेख यांच्यामध्ये दहा महिने गेले. त्या गर्जनेचा आवाज आपण ऐकतो. तिच्या आधीचे दहा महिने आपल्या ध्यानात राहत नाहीत.

आमच्या गावचेच आणखी एक उदाहरण पाहा. वीरधवल खाडे हा कोल्हापूरचा पोहणारा. आडनाव खाडे, आणि वयाच्या सतराव्या वर्षी, २००८ साली, बीजिंगच्या ऑलिंपिकच्या पाण्यात! २०१० च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत कांस्यपदक मिळवले. खजानसिंग यांच्या १९८६ सालच्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी भारताला पोहण्यात मिळालेले ते पदक. त्यानंतर तो तहसीलदार झाला, आणि नोकरीच्या व्यापात काही वर्षे तलाव दुरावला. पोहण्यात तर दोन आठवड्यांच्या अंतराने पाण्याची 'पकड' जाते म्हणतात. इथे वर्षे गेली होती.

तो परत आला. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत तो चौथा आला. कांस्यपदक हुकले ते सेकंदाच्या एका शतांशाने. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो! पदकाच्या हिशेबात चौथा क्रमांक म्हणजे शून्य. पण एवढ्या खाड्यानंतर आशियातल्या उत्तमोत्तमांच्या शंभराव्या हिश्शाजवळ येऊन पोचणे याला मी तरी हार म्हणणार नाही. पुढे टाळेबंदीत तलाव बंद पडले, तो दुसरा खाडा. तरीही २०२३ मध्ये गोव्याला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने त्याच ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. आणि महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता हिने.

तिसऱ्या दिवसाची परीक्षा

तुम्ही म्हणाल, हे झाले पैलवानांचे आणि ऑलिंपिकवाल्यांचे. आम्ही कारकुनी करणारी, रांगेत उभी राहणारी माणसे. आम्ही काय करावे?

अंग दुखण्याचे गणित आधी समजून घ्यावे. खाड्यानंतर व्यायाम केला की त्याच दिवशी फारसे दुखत नाही. दुखणे चढत जाते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. बैठका काढून उतरणीचा जिना उतरून पाहा म्हणजे कळेल! बहुतेकांचा निश्चय या तिसऱ्या दिवशी गळतो, आणि त्यांना वाटते की आपल्याला आता हे झेपत नाही. वास्तविक तो शरीराने दिलेला पोचपावतीचा कागद असतो. आठवड्याने तेवढेच काम पुन्हा केले तर दुखणे बरेच कमी होते. म्हणून पहिला आठवडा एवढा हलका ठेवावा की तिसऱ्या दिवशीही उठून घराबाहेर पडता यावे. दम आणि स्नायू लवकर सावरतात. सांध्यांच्या शिरा-बंधांना वेळ लागतो. म्हणूनच 'आता जमतेय' असे वाटू लागताच जो एकदम दुप्पट करतो, त्याचा गुडघा किंवा टाच धरते.

आणि हट्टाने शेकडो बैठका मारण्यात केवळ अंगदुखीचा प्रश्न नाही. खाड्यानंतर अचानक अतिरेक केल्यास स्नायूंचे तंतू फुटून त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर संकट येते. मांड्या दगडासारख्या सुजल्या, लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर शेकत बसू नये, तडक डॉक्टरांकडे जावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, न शमणारी धाप, यांनाही तोच नियम. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी आरंभापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

बाकीच्यांसाठी चालणे हे सर्वांत सोयीचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. पण पहिल्याच दिवशी अर्धा तास हवा असे नाही. दहा मिनिटेही जमेस धरली जातात. वेग किती? रंकाळ्यावर सोबत्याशी बोलता यावे, पण नाट्यगीत म्हणता येऊ नये, इतका. दोन कडवी सहज म्हणता आली तर पाय उचलावेत. बोलणेच तुटू लागले तर वेग आवरावा.

घरच्या बाईचा खाडा

इथवर मी पुरुषी थाटात जोर-बैठकांच्या गप्पा मारल्या. पण घरातल्या स्त्रीच्या खाड्याचा विचार केला नाही तर हा लेख अर्धवट राहील. पुरुष खाडा घेतो. स्त्रीवर तो पडतो. बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे दुखणे, सकाळचे डबे, मुलांची शाळा, यांत तिची पहाट केव्हा गेली हे कोणी कॅलेंडरात लिहून ठेवत नाही. महाविद्यालयात असताना जी मुलगी मैदान गाजवीत होती, तिला चाळिशीत कोणी 'पुन्हा सुरू कर' म्हटले की ती विचारते, "आणि गॅसवरचे दूध कोण बघणार?"

तो प्रश्न व्यायामशास्त्राचा नाही, घराचा आहे. आणि त्याचे उत्तर घरानेच द्यायला हवे. तिच्या हाती नवे बूट देणे सोपे आहे. रोज सकाळची तीस मिनिटे तिच्या हाती देणे, आणि त्या तीस मिनिटांत 'माझा टॉवेल कुठे आहे' असे न विचारणे, हे अवघड आहे. या पाडव्याला ओवाळणी काय घालावी असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी विचार करावा.

संक्रांतीपर्यंत

आता शेवटचा हिशेब. लंडनमध्ये शहाण्णव जणांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे त्यांना पाहायचे होते. कोणाला अठराच दिवस लागतील, तर कोणाला अडीचशेच्या वर, असे दिसले. मधला आकडा निघाला सहासष्ट. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सांगतात, त्यांच्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश झालेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि त्या अभ्यासातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एक खाडा म्हणजे नेम मोडणे नव्हे. नेम मोडतो तो दुसऱ्या दिवशी, 'आता काय राहिले' असे म्हणून आपण पुन्हा पांघरूण ओढतो तेव्हा.

पाडव्यापासून सहासष्ट दिवस मोजले तर साधारण संक्रांतीच्या आसपास येऊन पोचतो. फराळाचे डबे रिकामे होतील, आकाशकंदील माळ्यावर जातील, थंडी वाढेल, पहाटे रजई सोडवणार नाही. त्या दिवसांत किती जोर झाले, किती फेऱ्या झाल्या, हे कोणी विचारले तर सांगू नये. स्वतःलाही विचारू नये. ठरल्या वेळी उंबरा ओलांडला की नाही, एवढेच पाहावे. आकडे मागाहून येतात, आणि ते आपण बोलावले नाहीत तर अधिक आनंदाने येतात. संक्रांतीला तिळगूळ द्यायला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाल, तेव्हा जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरावा लागला नाही, तर समजा की हौद्यातली माती मऊ झाली. जोर आता कधीही मारता येतील.